सेरी लोकांवरील जुना अहवाल: घरपोच आलेली प्रत आणि शनिवार पेठेत बांधून घेतलेली प्रत

गेल्या वर्षभरात एकाच ग्रंथावर मी दोनदा पैसे खर्च केले. पहिल्यांदा तो मागणीनुसार छापून देणाऱ्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून एरंडवण्यातल्या घरी मागवला. ती प्रत कामाची नाही हे कळल्यावर दुसऱ्यांदा तोच मजकूर स्वतः उतरवून घेतला, छापून घेतला आणि शनिवार पेठेतील एका बाइंडरकडून शिवून घेतला. हे परीक्षण या दोन्ही सेवांचे आहे. मात्र त्यांतली एक का फसली आणि दुसरी का उपयोगी पडली, हे ग्रंथात काय आहे ते सांगितल्याशिवाय समजणार नाही, म्हणून ग्रंथाबद्दल थोडे विस्ताराने लिहिते.

ग्रंथ म्हणजे डब्ल्यू जे मॅक्गी यांचा सेरी लोकांवरील अहवाल. वॉशिंग्टनच्या ब्यूरो ऑफ अमेरिकन एथ्नॉलॉजी या सरकारी संस्थेच्या सतराव्या वार्षिक अहवालात तो १८९८ साली प्रसिद्ध झाला. सेरी लोक स्वतःला कोंकाक म्हणवतात. मेक्सिकोच्या वायव्येला सोनोरा राज्यात, वाळवंट जिथे थेट कॅलिफोर्नियाच्या आखाताला भिडते त्या किनाऱ्यावर आणि समोरच्या तिबुरोन बेटावर ते पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. शेती नाही, कायमचे गाव नाही. समुद्री कासव, मासे, शिंपले, हरीण, निवडुंगाची फळे आणि गोड्या पाण्याचे मोजके झरे यांच्या आधाराने त्यांनी आयुष्य काढले. त्यांच्या भाषेचे जगातल्या कुठल्याही भाषेशी निश्चित नाते सिद्ध झालेले नाही. आज ते एल देसेंबोके आणि पुंता च्वेका या दोन किनारी गावांत राहतात आणि त्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती काही शेवर आली होती.

निवृत्तीनंतर दर रविवारी मानववंशशास्त्राचे पाचसहा विद्यार्थी माझ्याकडे वाचनाला येतात. क्षेत्रकार्य कसे करावे हे शिकवण्याची पुस्तके पुष्कळ आहेत. परंतु एकाच समाजाकडे वेगवेगळी माणसे वेगवेगळ्या काळी गेली आणि प्रत्येकाला काय दिसले, हे शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखे शिक्षण दुसरे नाही. सेरींच्या बाबतीत ही सोय विशेष चांगली आहे आणि तिची सुरुवात मॅक्गींपासून करावी लागते, म्हणून हा ग्रंथ हवा होता.

विक्रेत्याच्या पानावर "मूळ ग्रंथाचे जसेच्या तसे पुनर्मुद्रण" असे आश्वासन होते. किंमत १,९०० रुपये होती आणि पुस्तक नवव्या दिवशी आले. वेष्टन उत्तम होते, कोपरे दुमडलेले नव्हते, तेवढ्यापुरती तक्रार नाही. मुखपृष्ठावर मात्र घोड्यावर बसलेल्या, डोक्यावर गरुडाच्या पिसांचा मोठा मुकुट घातलेल्या माणसाचे चित्र होते. ते चित्र उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानातील लोकांचे. बांबूसारख्या बोरूच्या मोळ्या बांधून केलेल्या तराफ्यावरून समुद्र ओलांडणाऱ्या माणसांच्या पुस्तकावर ते चिकटवणे म्हणजे आमच्या सागरी कोळ्यांवरच्या पुस्तकावर राजस्थानातला उंट छापण्यासारखे आहे. लेखकाच्या नावातही चूक होती. मॅक्गी आपल्या आद्याक्षरांपुढे टिंबे देत नसत आणि दुसऱ्यांनी दिलेलीही त्यांना खपत नसत. मुखपृष्ठावर आणि कण्यावर दोन्ही टिंबे ठळक छापली होती.

हे सारे वरवरचे म्हणून मी सोडून दिले असते. खरा दोष आत होता. मूळ ग्रंथात सेरी प्रदेशाचा मोठा, घडीचा नकाशा आहे. छायाप्रत काढणाऱ्याने तो घडी न उलगडताच यंत्राखाली ठेवलेला दिसतो, त्यामुळे पुस्तकात नकाशाचा एक कोपरा, थोडा समुद्र आणि अर्धवट तुटलेली नावे एवढेच आले आहे. चेहऱ्यावरील रंगकामाची मुळातली रंगीत चित्रे करड्या डागांसारखी झाली आहेत. विल्यम डिनविडी यांनी काढलेल्या छायाचित्रांतील चेहरे ओळखू येत नाहीत, आणि कडा कापताना काही चित्रांखालच्या ओळीही कापल्या गेल्या आहेत. सर्वांत वाईट म्हणजे मॅक्गींच्या सेरी प्रदेशातील दोन्ही मोहिमांचा प्रवास जिथे सांगितला आहे, त्या प्रकरणातील काही पाने दोनदा आली आहेत आणि काही अजिबात नाहीत. बांधणी नुसत्या डिंकाची असल्याने तिसऱ्या रविवारी मधला गठ्ठा सुटून माझ्या मांडीवर आला.

तक्रार केली तेव्हा उत्तर सभ्य भाषेत आणि लवकर आले. जुन्या ग्रंथांत असे दोष राहतातच आणि परत करण्याची सात दिवसांची मुदत उलटून गेली आहे, असे त्यात म्हटले होते. साडेतीनशे पानांच्या आसपासच्या ग्रंथातील पानांचा क्रम सात दिवसांत कोण तपासून पाहतो? आणि दोष जुन्या ग्रंथात नव्हता, तो नव्या प्रतीत होता.

नकाशा आणि प्रवासाची पाने गेली तर एवढे काय बिघडले, असे एका विद्यार्थ्याने मला विचारले. त्याला दिलेले उत्तर इथे सविस्तर देते, कारण या परीक्षणाचा सारा रोख त्यावर आहे.

मॅक्गी यांचा जन्म १८५३ सालचा, आयोवातल्या शेतकरी कुटुंबातला. शाळेत फारसे न जाता ते स्वतःच्या वाचनावर भूगर्भशास्त्रज्ञ झाले, सरकारी भूगर्भ सर्वेक्षणात त्यांनी नाव कमावले आणि १८९३ मध्ये ब्यूरोचे प्रमुख जॉन वेस्ली पॉवेल यांच्या हाताखाली मानववंशाच्या अभ्यासाकडे आले. १९०२ मध्ये अमेरिकन अँथ्रोपोलॉजिकल असोसिएशन स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच होते. १९०४ च्या सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनात मानववंश विभागही त्यांच्याकडे होता. माणूस कष्टाळू, नजर भूगर्भशास्त्रज्ञाची: कोरडे ओढे, वाळूचे पट्टे, झऱ्यांतली अंतरे यांचे त्यांनी केलेले वर्णन आजही वाचताना पायाखाली जमीन जाणवते. परंतु माणसांच्या बाबतीत ते एक जिना मनात घेऊनच निघाले होते. रानटी अवस्था, मग अर्धसंस्कृत, मग सुसंस्कृत, अशा पायऱ्यांवर प्रत्येक समाज कुठेतरी बसवायचा, ही त्या काळच्या वॉशिंग्टनची रीत होती. सेरींना त्यांनी तळाच्या पायरीवर बसवले. हे लोक दगड घडवत नाहीत, सापडेल तो गोटा तसाच वापरतात. सुरीपेक्षा दात आणि नखे यांवर भागवतात. मांस कच्चे खातात. परक्याचा द्वेष त्यांच्या हाडीमाशी खिळला आहे, अशी विधाने पानोपानी येतात आणि तीही इतक्या ठाम, भारदस्त इंग्रजीत की वाचणाऱ्याला वाटावे, हा गृहस्थ वर्षानुवर्षे त्यांच्यात राहिला असेल.

आता प्रवासाची पाने उघडावीत. १८९४ च्या नोव्हेंबरमध्ये मॅक्गी सोनोरात होते आणि सान फ्रान्सिस्को दे कोस्ता रिका नावाच्या गुरांच्या मळ्यावर, जवळ तळ देऊन राहिलेल्या सुमारे साठ सेरींची त्यांची गाठ पडली. ही भेट काही दिवसांची. बोलणे माशेम नावाच्या, स्पॅनिश येणाऱ्या एका सेरी पुरुषाच्या तोंडून. पुढच्या वर्षी ते स्थलमापक विलार्ड जॉन्सन यांच्यासह परत आले आणि १८९५ च्या डिसेंबरमध्ये छोट्या होडीने इन्फिएर्निल्यो, म्हणजे 'छोटा नरक' असे नाव असलेली खाडी ओलांडून तिबुरोन बेटावर उतरले. वारा आणि पाण्याची टंचाई यांनी त्यांचा जीव मेटाकुटीला आला. बेटावर त्यांना सोडून दिलेल्या झोपड्या दिसल्या. माणूस एकही भेटला नाही.

म्हणजे संपूर्ण अहवालामागे प्रत्यक्ष सहवास तो मळ्यावरच्या त्या मोजक्या दिवसांचा. हे मॅक्गींनी लपवलेले नाही. त्यांनी तारखा आणि वाटा नेमकेपणाने नोंदवल्या, हा त्यांचा मोठेपणा मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. त्या तारखांच्या आधारानेच आपण त्यांच्या विधानांचे वजन करू शकतो. जी प्रत विधाने ठेवते आणि तारखा व नकाशा गाळते, ती लेखकाला त्याच्या हक्कापेक्षा अधिक अधिकार बहाल करते आणि सेरींच्या माथी ती विधाने पुरावा न तपासता मारते.

मळा कोणाचा होता हेही त्याच पानांतून कळते. पास्क्वाल एन्सिनास यांनी १८४४ मध्ये सेरींच्या वावराच्या मुलखात तो वसवला, आणि गुरे मारण्यावरून पुढे दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षे रक्त सांडले. सेरींची जास्त माणसे त्यात गेली. त्या मळ्याच्या पाहुणचारात बसून, मालकाच्या आठवणी ऐकत, "हे लोक परक्यांचा द्वेष का करतात" असा प्रश्न विचारला तर उत्तर रक्तात आणि वंशातच सापडणार. मी तरुणपणी कर्जतच्या बाजूला कातकरी वाड्यांवर काम केले आहे. पहिल्या आठवड्यात वीटभट्टीच्या मालकाच्या ओसरीवर बसून ज्या नोंदी केल्या, त्या मला पुढे साऱ्या खोडाव्या लागल्या, कारण मालकासमोर कातकरी बाई फक्त मान हलवते आणि तिची मान हलणे मी होकार म्हणून लिहीत गेले होते. मुंबई इलाख्याच्या एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियरमध्ये एकेका जमातीच्या स्वभावाचा निकाल एकेका ओळीत लावलेला आढळतो. ती ओळ कोणी, कोणाच्या ओसरीवर, किती दिवसांत लिहिली, हे तिथे बहुधा कळत नाही. मॅक्गींच्या ग्रंथात ते कळते. म्हणून तो पूर्ण हवा.

महिन्यांचेही असेच आहे. सेरींच्या खाडीत समुद्रगवत उगवते, शास्त्रीय नाव झोस्टेरा मरीना. वसंतात, साधारण एप्रिलच्या सुमारास, त्याची पिकलेली पाती सुटून किनाऱ्याकडे तरंगत येतात. बायका ती गोळा करीत, वाळूवर वाळवीत, झोडपीत, पाखडीत, दाणे भाजीत, दळीत आणि त्या पिठाची पेज कासवाच्या तेलाबरोबर किंवा मधाबरोबर खात. दाण्याला त्यांच्या भाषेत 'ख्नोइस' म्हणतात आणि त्या सुगीवरून एका महिन्याचेही नाव पडले आहे. समुद्रात पिकणारे धान्य खाणारा दुसरा समाज अभ्यासकांना माहीत नव्हता. रिचर्ड फेल्गर आणि मेरी बेक मोझर यांनी १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ही गोष्ट मांडली, तेव्हा जगाचे तिकडे लक्ष गेले. झोडपणे, पाखडणे, भाजणे, दळणे या क्रियांमागे किती साधने, किती बेत आणि किती पिढ्यांचे ज्ञान असते, हे आपल्याकडे नाचणी-वरीचे खळे पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको. नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये येऊन गेलेल्या पाहुण्याला एप्रिलची सुगी दिसणे शक्यच नव्हते.

मेरी बेक मोझर आणि त्यांचे पती एडवर्ड १९५१ मध्ये एल देसेंबोकेला राहायला गेले. ते भाषाशास्त्रज्ञ होते आणि मिशनरीही होते. त्यांचा हेतू निव्वळ अभ्यासाचा नव्हता, हेही विद्यार्थ्यांसमोर स्पष्ट ठेवले पाहिजे. तरी त्यांनी त्या गावात संसार केला, मूल वाढवले, भाषा कानांनी शिकली. एडवर्ड १९७६ मध्ये वारले. मेरी यांचे काम पुढे चालू राहिले आणि स्टीफन मार्लेट यांच्याबरोबर त्यांनी सिद्ध केलेला सेरी, स्पॅनिश आणि इंग्रजी असा कोश २००५ मध्ये आला, म्हणजे पहिल्या दिवसापासून चोपन्न वर्षांनी. त्याआधी १९३० मध्ये अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ अल्फ्रेड क्रोबर सेरींकडे जाऊन आले होते. त्यांचाही मुक्काम थोडाच होता, पण त्यांनी मॅक्गींची अतिशयोक्ती ओळखली. दिवसांची संख्या म्हणजे सर्व काही नव्हे. आपण काय पाहायला आलो आहोत हे आधीच ठरवले नसले, तर थोड्या दिवसांतही काही दिसते.

आता दुसऱ्या प्रतीकडे येते. ग्रंथाचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला असल्याने इंटरनेट अर्काइव्हवर त्याच्या छायाप्रती मोफत मिळतात. त्यांतली नकाशा पूर्ण उलगडलेली प्रत शोधून मी ती उतरवली. अप्पा बळवंत चौकाजवळच्या छपाईच्या दुकानात साध्या मॅपलिथो कागदावर पाने, रंगीत चित्रे जाड चकचकीत कागदावर आणि नकाशा स्वतंत्र मोठ्या कागदावर काढून घेतला. तो गठ्ठा घेऊन शनिवार पेठेतील एका बोळातल्या बाइंडरकाकांकडे गेले. दुकानावर पाटी नाही. आहे तेच काम हातावेगळे होत नाही, नवे गिऱ्हाईक नको, असे ते म्हणतात, म्हणून नाव देत नाही.

काकांनी गठ्ठा उघडून पहिल्यांदा सगळे पृष्ठक्रमांक पाहिले. तसे करणारा कारागीर मला फार दिवसांनी भेटला. मध्येच थांबून त्यांनी विचारले, "बाई, इथून पुढं आकड्यापाशी चांदणी आहे. हे दुसरं पुस्तक तर मिसळलं नाही ना?" मुळातच ग्रंथाच्या मागच्या भागातील पृष्ठक्रमांकांना ताऱ्याची खूण आहे. विकतच्या प्रतीची पाने लावणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला विचारला असता तर पाने दोनदा आली नसती. काकांनी एक कागद घेऊन क्रम लिहून काढला, त्यावर माझी सही घेतली आणि मगच काम हातात घेतले.

सुटी पाने डिंकाने जोडायला त्यांनी नकार दिला. मला परत पाठवून दोन-दोन पाने एका तावावर येतील अशी छपाई पुन्हा करून आणायला लावली, म्हणजे दुमडून जुज, म्हणजे शिवायच्या पानांची जुडगी, करता येतील आणि दोऱ्याने शिवता येतील. माझा एक फेरा आणि साडेचारशे रुपये त्यात गेले, पण पुस्तक आज टेबलावर सपाट उघडे राहते. नकाशा त्यांनी शेवटी, कापडाची पट्टी लावून असा बसवला आहे की तो पूर्ण उलगडून पुस्तकाच्या उजवीकडे बाहेर ठेवता येतो आणि डावीकडे कोणतेही पान वाचता येते. हे मी सांगितले नव्हते. "नकाशा मजकुराबरोबर बघायचा असतो, आत ठेवला तर कोण उघडणार," एवढेच ते म्हणाले.

दोषही सांगायला हवेत. आठ दिवसांचा वायदा होता. जूनमधल्या शाळांच्या वह्यापुस्तकांच्या गर्दीत एकोणीस दिवस लागले आणि मधल्या काळात फोन उचलला गेला नाही. कण्यावरचे सोनेरी अक्षर एका बाजूला कलले आहे. खळीचा वास महिनाभर गेला नाही. रंगीत चित्रांचा कागद मी फार जाड निवडला, त्यामुळे तिथे शिवण ताणली जाते. ही चूक माझी, पण काकांनी आधी सांगितले असते तर बरे झाले असते. एकूण खर्च छपाईसह २,६५० रुपये झाला, म्हणजे विकतच्या प्रतीपेक्षा साडेसातशेने अधिक.

पावसाळ्यातल्या एका रविवारी आम्ही नकाशा उलगडून त्यावर मॅक्गींचा मार्ग पेन्सिलने काढला. एका मुलीने मळ्यापासून खाडीपर्यंत बोट फिरवत नेले आणि बेटावर आल्यावर विचारले, "म्हणजे हे घरात शिरले, पण घरचं कोणीच नव्हतं?" मग तिने वहीत प्रत्येक ठाम विधानासमोर ते कुठे कळले असेल याचा रकाना आखला: मळ्यावर, माशेमकडून, एन्सिनास यांच्याकडून, रिकाम्या झोपडीवरून, कशावरूनच नाही. शेवटचा रकाना सर्वांत लवकर भरला. झऱ्यांच्या आणि वाटांच्या नोंदी मात्र जवळजवळ सगळ्या पक्क्या ठरल्या. विकतच्या प्रतीवर हे काम होऊच शकले नसते.

असे काम करून घ्यायचे असल्यास छायाप्रत उतरवण्यापूर्वी नकाशे आणि घडीची पाने उलगडलेली आहेत का ते पाहावे, सगळे पृष्ठक्रमांक एकदा डोळ्यांखालून घालावेत, दोन पाने एका तावावर अशीच छपाई सांगावी, चित्रांसाठी फार जाड कागद घेऊ नये आणि मे-जून सोडून जावे. विकतची प्रत मी ठेवून दिली आहे. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी तीच देते, आणि तीतून काय काय गहाळ आहे ते शोधून आणायला सांगते.